मोटारगाडीत ऑइल प्रेशर व ऑइल टेम्परेचर गेज बसवणे : तत्त्व, निवड, जोडणी आणि वाचन

चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीचे एक तांबडे चिन्ह उजळते आणि इंजिन सुरू होताच विझते. बहुतेक चालकांचा इंजिन ऑइलच्या दाबाशी येणारा संबंध एवढाच असतो. दिवा विझलेला आहे, म्हणजे सगळे ठीक आहे, असे आपण समजतो. हा समज कितपत बरोबर आहे, तो कमी पडत असेल तर दाबाचे व तापमानाचे वेगळे गेज कसे बसवावे, आणि बसवल्यावर ते कसे वाचावे, हे या पाठात पाहू.

पाठाच्या शेवटी तुम्हाला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत : दाब व तापमान यांचा संबंध सांगणे, इंजिनाला जुळणारे गेज व सेंडर निवडणे, गळती न होता ते बसवणे, आणि काट्याच्या हालचालीवरून इंजिनाच्या स्थितीचा अंदाज बांधणे.

१. दिव्याला काय कळते?

तांबड्या दिव्यामागे एक साधा प्रेशर स्विच असतो. त्यात एक पडदा आणि एक स्प्रिंग असते. तेलाचा दाब नसला की संपर्क जुळलेला राहतो आणि दिवा लागतो. दाब आला की पडदा वर उचलला जातो, संपर्क तुटतो आणि दिवा विझतो. बहुतेक गाड्यांत हा स्विच सुमारे ०.३ ते ०.५ बार दाबाला काम करतो.

आता हिशेब करू. गरम झालेले निरोगी इंजिन ३००० आरपीएमला साधारण ३ ते ४ बार दाब दाखवते. समजा, काही बिघाडामुळे तो १ बारवर आला. या वेगाला तो धोकादायक आहे, पण स्विचच्या दृष्टीने १ बार हा ०.५ पेक्षा जास्तच. दिवा विझलेलाच राहील. तो लागेल तेव्हा दाब जवळजवळ संपलेला असेल. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेरे. दिवा दिसून गाडी बाजूला घेईपर्यंत १० सेकंद गेली, तर तेवढ्यात क्रँकशाफ्टने ५०० फेरे जवळजवळ कोरडे मारलेले असतात.

म्हणजे दिवा फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगतो. ‘किती आहे’ आणि ‘कमी होत चालले आहे का’ हे सांगायला गेज लागते.

२. दाब कुठून येतो?

पंप दाब निर्माण करतो असे आपण सहज म्हणतो. खरे तर पंप तेल ढकलतो, आणि त्या प्रवाहाला झालेल्या अडथळ्यातून दाब निर्माण होतो. बागेला पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा ठेवा. नळाचे पाणी तेच, पण नळी टणक होते. इंजिनात अंगठ्याचे काम बेअरिंगमधील फट करते. क्रँकशाफ्ट व मेन बेअरिंग यांतील फट साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर असते, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. बेअरिंग झिजले की फट वाढते, तेल सहज निसटते आणि दाब उतरतो.

येथे एक गैरसमज दूर करू. शाफ्टला तोलून धरतो तो पंपाचा ३-४ बार दाब नव्हे. फिरणारा शाफ्ट तेलाला निमुळत्या फटीत ओढतो आणि तेथे तेलाची पाचर तयार होते. त्या पातळ थरात दाब शेकडो बारपर्यंत जातो. पंपाचे काम त्या फटीला अखंड तेल पुरवणे हे आहे. पुरवठा थांबला की पाचर मोडते आणि धातूला धातू घासतो.

अडथळा ठरवणारी दुसरी गोष्ट म्हणजे तेलाचा चिकटपणा, अर्थात विष्यंदिता. ५डब्ल्यू-३० प्रतीच्या नेहमीच्या तेलाची विष्यंदिता ४० अंश सेल्सिअसला सुमारे ६० ते ६५ सेंटिस्टोक असते, तर १०० अंशांना ती १० ते ११ पर्यंत उतरते. म्हणजे तेच तेल सुमारे सहापट पातळ होते. इंजिन तेच, पंप तोच, वेग तोच, तरीही थंड व गरम अवस्थेत दाब वेगळा येतो, तो यामुळे.

या पाठातील सर्वांत महत्त्वाचे विधान येथेच लिहून ठेवा : तापमान माहीत नसेल तर दाबाच्या आकड्याला अर्थ नाही. म्हणूनच ही दोन गेज जोडीने बसवावीत. एकच घेण्याइतके पैसे असतील, तर दुसऱ्यापुरते जमेपर्यंत थांबलेले बरे.

पाण्याच्या तापमानाचा काटा आहेच की, असे कोणी म्हणेल. पण थर्मोस्टॅट पाण्याला ठरावीक पट्ट्यात धरून ठेवतो. शिवाय अनेक गाड्यांत तो काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की पाणी ८० अंशांवर असो वा १०० वर, तो मधोमधच राहतो. तेलाचे तसे नसते. ते पाण्यापेक्षा उशिरा तापते आणि घाटात किंवा भर उन्हात द्रुतगती मार्गावर पाण्याच्या पुढे जाते. साधारणपणे ९० ते ११० अंश ही तेलाची चांगली कार्यकक्षा. १३० च्या आसपास पोचले तर पाय हलका करावा.

३. गेजचे प्रकार

*यांत्रिक गेज.* यात बारीक तांब्याची किंवा नायलॉनची नळी इंजिनातील तेल थेट डॅशबोर्डपर्यंत आणते. आत बूर्दाँ नळी असते. वाकवलेली ही चपटी नळी दाब वाढला की सरळ होऊ पाहते आणि काटा फिरवते. फ्रेंच कारागीर यूजेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये तिचे पेटंट घेतले. हे गेज अचूक असते आणि त्याला वीज लागत नाही. पण गरम तेल बसायच्या जागेपर्यंत आणणे हाच त्यातला धोका. नळी एक्झॉस्टवर टेकून वितळली, तर तेल तापलेल्या धातूवर पडून आग लागू शकते. कार्यशाळेतील तपासणीसाठी हे गेज उत्तम. रोजच्या गाडीत कायम बसवू नये.

*विद्युत गेज.* यात तेल इंजिनापाशीच राहते. तेथे सेंडर बसतो आणि डॅशबोर्डपर्यंत फक्त वायर जाते. दाबाच्या सेंडरमध्ये दाबानुसार बदलणारा रोध असतो, तर तापमानाच्या सेंडरमध्ये थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की थर्मिस्टरचा रोध घटतो.

गेज आणि सेंडर एकाच जोडीचे हवेत. बाजारात दाबाच्या सेंडरच्या दोन मुख्य पद्धती दिसतात. युरोपीय पद्धतीत शून्य दाबाला सुमारे १० ओहम आणि पूर्ण दाबाला सुमारे १८० ओहम. अमेरिकी पद्धतीत उलट : शून्याला सुमारे २४० आणि पूर्ण दाबाला सुमारे ३३ ओहम. एकीचा सेंडर दुसरीच्या गेजला जोडला, तर काटा हलेल, पण खोटे बोलेल. तो उलटा चालला तर चूक लगेच कळते. एकाच पद्धतीतला ५ बारचा सेंडर १० बारच्या गेजला जोडला, तर काटा योग्य दिशेने हलतो आणि प्रत्यक्षापेक्षा दुप्पट दाब दाखवतो. ही चूक घातक, कारण ती आपल्याला निर्धास्त करते.

४. सेंडर कुठे बसवावा?

दाबासाठी सोयीची जागा म्हणजे मूळ प्रेशर स्विचचे भोक. तेथे ‘टी’ बसवून एका तोंडाला मूळ स्विच आणि दुसऱ्याला सेंडर जोडतात. मूळ स्विच काढून टाकू नका. गेज हे दिव्याच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. रात्री दमलेल्या चालकाचे काट्याकडे लक्ष नसते, तेव्हा दिवाच कामी येतो.

येथे माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी जुन्या पेट्रोल गाडीत मी पितळी ‘टी’ थेट ब्लॉकवर बसवली आणि तिच्यावर डबीएवढा जड सेंडर आडवा लावला. गळती नव्हती, काटा छान चालत होता. चार महिन्यांनी गोव्याहून बेळगावकडे येताना चोर्ला घाटात काटा ३ वरून २ वर आला, आणि पाहता पाहता १ च्या खाली गेला. दिवा अजून लागलेला नव्हता. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. बॉनेट उघडले तर ‘टी’च्या मानेला तडा गेलेला, आणि ब्लॉकवरून तेलाचा ओघळ. साडेतीन लिटरपैकी जेमतेम लिटरभर तेल उरले होते. मागच्या सीटवर मुले होती, आणि तेल एक्झॉस्टपासून वीतभर अंतरावर ठिबकत होते.

इंजिन वाचले ते गेजमुळे. पण बिघाडही गेज बसवण्यातूनच आला होता. इंजिनाची प्रत्येक कंपनलहर त्या लोंबत्या वजनाला हलवत होती, आणि पितळाची मान थकून तुटली. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगतो : गेज बसवताना आपण तेलाच्या बंद मार्गाला नवे तोंड पाडतो. ते तोंड मूळ रचनेइतके भक्कम करता येत नसेल, तर गेज बसवूच नये.

यावर उपाय सोपा आहे. ब्लॉकवर फक्त लहान पोलादी निपल बसवा. तेथून तेलाला व उष्णतेला टिकणारी, तारेची जाळी असलेली लवचीक नळी काढा, आणि ‘टी’ व सेंडर बॉडीवर पट्टीने पक्के करा. वजन बॉडीवर गेले की कंपनाचा ताण उरत नाही.

तापमानासाठी तीन जागा आहेत. पहिली, सम्पच्या ड्रेन प्लगची. ही स्वस्त, पण सेंडर तळाशी उघडा राहतो आणि खराब रस्त्यावर दगड लागू शकतो. दुसरी, सम्पच्या बाजूला बसकण वेल्ड करून घेणे. ही चांगली, पण त्यासाठी सम्प उतरवावा लागतो. तिसरी, ऑइल फिल्टर आणि ब्लॉक यांच्या मधे बसणारी सँडविच प्लेट. तिच्यावर तापमान व दाब दोन्हींसाठी तोंडे मिळतात. मात्र फिल्टरचे आटे जुळले पाहिजेत (एम२०×१.५ आणि ३/४-१६ यूएनएफ हे नेहमी आढळतात), आणि खाली आलेला फिल्टर चॅसिसला किंवा एक्सलला लागत नाही हे पाहिले पाहिजे. तेथेही जड सेंडर नळीनेच दूर न्यावा.

५. आट्यांचा प्रश्न

या कामात सर्वाधिक इंजिने बिघडतात ती आट्यांवरून. १/८ एनपीटी आणि १/८ बीएसपीटी हे दोन्ही निमुळते आटे डोळ्यांना सारखेच दिसतात. पण एनपीटीला इंचात २७ आटे व ६० अंशांचा कोन असतो, तर बीएसपीटीला २८ आटे व ५५ अंशांचा कोन. एक दुसऱ्यात दोन-तीन फेरे बसतो, मग अडतो. पान्याने जोर लावला की आटे मरतात किंवा ॲल्युमिनियमचा ब्लॉक तडकतो. जपानी घराण्यातील अनेक इंजिनांत १/८ बीएसपीटी असतो, तर बाजारातील अनेक गेजसोबत १/८ एनपीटी येतो. अनेक युरोपीय इंजिनांत एम१०×१ हा सरळ आटा असतो.

म्हणून आधी मूळ स्विच काढा, आटेमापीने मोजा, मगच ॲडॉप्टर घ्या. नियम एकच : हाताने सहज बसत नसेल ते पान्याने बसवू नये.

सरळ आट्यात गळती रोखतो तो तांब्याचा वॉशर. आट्यांना काही लावायचे नसते. निमुळत्या आट्याला पातळ थर सीलंट लावा आणि टोकाचे एक-दोन आटे कोरडे सोडा. टेफ्लॉन टेपचा तुकडा सुटून तेलमार्गात गेला तर बारीक भोक बुजवू शकतो. शिवाय एकवायरी सेंडरला अर्थ त्याच्या आट्यांतूनच मिळतो, आणि जाड टेप तो तोडते. सेंडर नळीवर दूर बसवला असेल, तर त्याच्या बॉडीपासून स्वतंत्र अर्थ वायर ओढावीच लागते.

६. बसवण्याआधी तपासणी

तापमानाचा सेंडर गेज व बॅटरीला जोडा आणि टोक वर राहील असे धरून उकळत्या पाण्यात बुडवा. काटा १०० च्या जवळ आला पाहिजे. उंचीचा विचार करा : उटीसारख्या ठिकाणी पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळते, तेव्हा शेजारी तापमापी ठेवा. दाबाचे वाचन कार्यशाळेतील यांत्रिक गेजशी ताडून पाहा. फरक असेल तर लिहून ठेवा. चूक किती आहे हे ठाऊक असलेले गेज वापरता येते.

७. जोडणीची कृती

१. इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीची ऋण वायर काढा.

२. गाडी उचलायची असल्यास फक्त जॅकवर विसंबू नका; स्टँड लावा.

३. स्विचभोवतीची घाण पुसा, खाली भांडे ठेवा, मग स्विच काढा. निपल, नळी, ‘टी’, मूळ स्विच आणि सेंडर या क्रमाने बसवा. किती आवळायचे ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा.

४. तापमानाचा सेंडर ऑइल बदलण्याच्या वेळीच बसवा, म्हणजे तेल वाया जात नाही.

५. वायर एक्झॉस्ट व फिरत्या पट्ट्यांपासून दूर न्या. फायरवॉलमधून नेताना रबरी ग्रोमेट हवाच. पत्र्याच्या कडेने वायर कापली जाते.

६. गेजचा वीजपुरवठा चावीबरोबर सुरू होणाऱ्या फ्यूजवरून, ३ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज लावून घ्या. प्रकाशाची वायर पार्किंग दिव्याच्या मंडलावर जोडा. अर्थ स्वच्छ घासलेल्या धातूवर द्या.

७. एअरबॅग, एबीएस व इंजिन कंट्रोल युनिट यांच्या वायरींना हात लावू नका. एअरबॅगच्या वायरी बहुधा पिवळ्या आवरणात असतात. गेज एअरबॅग उघडण्याच्या मार्गात किंवा रस्ता झाकेल असे बसवू नका.

८. तेलाची पातळी पाहा, बॅटरी जोडा, इंजिन सुरू करा. काही सेकंदांत दाब दिसला नाही तर बंद करा. दिसला तर प्रत्येक जोड कागदाने पुसून पाहा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, १०० किलोमीटरनंतर आणि पुढे प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी हीच तपासणी करा.

हेडलाइट लावल्यावर काटा सरकत असेल, तर दोष इंजिनात नसून अर्थ जोडणीत आहे. गाडी वॉरंटीत असेल, तर असा बदल केल्यास वॉरंटीवर काय परिणाम होईल हे आधी विचारून घ्या.

८. काटा वाचणे

आदर्श दाबाचा एकच आकडा नसतो. दर १००० आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार, हा जुना ठोकताळा जुन्या इंजिनांना बरा लागू पडतो. नव्या अनेक इंजिनांत पंपाची क्षमता बदलती असते; कमी भाराला संगणक मुद्दाम दाब कमी ठेवतो. तेथे हा ठोकताळा फसवतो. म्हणून आपल्या इंजिनाची स्वतःची नोंद करा. नवे तेल घातल्यावर एका वहीत दाब लिहा : थंड आयडलिंगला, तेल ९० अंशांवर असताना आयडलिंगला, आणि त्याच तापमानाला २००० व ३००० आरपीएमला. पुढचे प्रत्येक वाचन या नोंदीशी ताडा.

— *तेल थंड, दाब ४-५ बार.* स्वाभाविक. तेल ६० अंशांच्या वर जाईपर्यंत इंजिन ताणू नका.

— *तापमान वाढते, दाब हळूहळू उतरतो, उताराला लागल्यावर पूर्ववत होतो.* तेल पातळ होत आहे. भार कमी करा.

— *तापमान नेहमीचे, पण दाब वहीतील नोंदीपेक्षा कमी.* ही खरी धोक्याची खूण. तेलाची पातळी पाहा. तेलात पेट्रोल मिसळले आहे का, चुकीच्या प्रतीचे तेल पडले आहे का ते पाहा. तसे काही नसेल तर पंप किंवा बेअरिंगची झीज संभवते.

— *वळणावर किंवा चढावर काटा थरथरतो.* तेल कमी आहे. पंप मधेच हवा ओढतो.

— *गरम असतानाही दाब नेहमीपेक्षा जास्त.* आनंदाची गोष्ट नव्हे. रिलीफ व्हॉल्व्ह अडकला असेल किंवा मार्ग चिकट गाळाने बुजत असेल.

— *काटा एकदम टोकाला.* युरोपीय पद्धतीत वायर तुटली तर काटा कमालीवर जातो, आणि बॉडीला टेकली तर शून्यावर. अमेरिकी पद्धतीत याच्या उलट.

काटा शून्यावर आला तर वायरचा दोष असेल असे म्हणत गाडी पुढे नेऊ नका. क्लच दाबा, सुरक्षित बाजूला घ्या, इंजिन बंद करा, मग शोध घ्या. चालत्या गाडीत चावी पूर्ण काढू नका. स्टिअरिंग कुलूपबंद होते. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकची मदत दोन-तीन दाबांपुरतीच उरते, हेही ध्यानात ठेवा.

सारांश

तांबडा दिवा फार उशिरा बोलतो. दाब हा प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा परिणाम आहे आणि अडथळा तापमानाबरोबर बदलतो, म्हणून दोन्ही गेज एकत्र वाचावी लागतात. गेज व सेंडर एकाच जोडीचे, आटे मोजून घेतलेले आणि सेंडरचे वजन बॉडीवर असावे. आणि वहीतील पहिली नोंद नसेल, तर डॅशबोर्डवरचे महागातले गेजही शोभेचेच.

स्वाध्याय

१. दाब नेहमीचा आहे, पण तेलाचे तापमान वहीतील नोंदीपेक्षा ४० अंशांनी कमी आहे. या इंजिनाबद्दल शंका घ्यावी का? कारण द्या.

२. युरोपीय पद्धतीचा सेंडर अमेरिकी पद्धतीच्या गेजला जोडला. इंजिन बंद असताना काटा कुठे असेल?

३. तुमच्या कार्यशाळेतील एखाद्या इंजिनाचा प्रेशर स्विच काढून त्याचे आटे मोजा, आणि ते कोणत्या प्रकारचे आहेत ते कारणासह लिहा.